‘शे’ नाही, ‘आहे’ म्हणा

नाना, आज सकाळी आईने फोनला पुन्हा तुमच्या नावाने शिवी घातली. हल्ली फोनशी नुसतं बोललं तरी काम होतं, बोटं चालवावी लागत नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा हे नुकतं कुठे सुरू झालं होतं. आई आता माझ्याकडे पिंप्राळ्यात असते. गुडघे गेलेत, डोळ्यांना धड दिसत नाही, त्यामुळे दिवसभर खिडकीशी बसून ती फोनला हुकूम सोडत असते. आज देवीचं गाणं हवं म्हणून म्हणाली, "कानबाईना गाना लाव रे भो." फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "माफ करा, मला समजलं नाही." आई पुन्हा म्हणाली. बाईने पुन्हा माफी मागितली. असं चार-पाच वेळा झाल्यावर आईने फोन गादीवर उपडा टाकला आणि मला म्हणाली, "तुना बाप बठेल शे यामा." मी गवार निवडत होते. इतकी हसले की शेंगा सांडल्या. मग त्या वेचता वेचता वाटलं, की तुम्हाला एकदा सगळं लिहून सांगावं. तुम्ही जिवंत असताना तुम्हाला काही सांगायची सोय नव्हती. वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही त्यातली चूक काढायचात.

हे पत्र तुमच्याच मराठीत आहे, तेव्हा लाल शाईचं पेन उघडू नका. दुसरी भाषा तुम्ही मला येऊच दिली नाहीत. आईची बोली मला कळते, अगदी तिच्या पुटपुटण्यासकट कळते, पण तोंडातून निघत नाही. निघालीच तर नाटकातल्यासारखी निघते आणि आई तोंड फिरवते. पूर्वी ती तुमच्या धाकाने मोडकंतोडकं ‘आहे-नाही’ बोलायची, आता तेही तिने सोडून दिलंय. ती तिच्या बोलीत विचारते, मी तुमच्या भाषेत उत्तर देते. दुखलं-खुपलं, औषध, जेवण, एवढं निभावतं. पण तिच्या मनात काय चाललंय हे विचारायचं झालं की माझ्याकडे शब्दच नसतात. माझे सगळे शब्द तुमचे आहेत, आणि तुमच्या शब्दांना ती दारातूनच परत पाठवते. तिचं वय बघता हा हिशेब फार दिवस लांबवता येणार नाही, हे मला समजतंय. म्हणून तुमच्यावर राग आहे, नाना. अजून आहे. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणोत.

धरणगावच्या शाळेतला तुमचा वर्ग मला लख्ख आठवतो, कारण पाचवीला मीही त्याच वर्गात होते. कापूस वेचायला आईबापासोबत पहाटे रानात जाऊन मग शाळेत येणारी पोरं. घरी-दारी, ओट्यावर, बाजारात, सगळीकडे ‘शे’ चालायचं. शाळेतही तोंडातून तेच निघणार. "सर, मनी पाटी घरी शे," असं एखादा बोलून जायचा आणि तुमचे डोळे चमकायचे. तुम्ही छडी फारशी वापरली नाहीत, हे कबूल करते. तुमच्याकडे त्याहून जालीम इलाज होता. तुम्ही हळू आवाजात विचारायचात, "काय शे?" पोरगं बिचारं पुन्हा सांगायचं, "पाटी शे, सर." मग तुम्ही वर्गाकडे वळून म्हणायचात, "शे म्हणणारी कोण?" आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "शेळी!" त्या पोराला खिडकीपाशी उभं केलं जायचं आणि बाकीच्यांनी बेंऽ बेंऽ करायचं. दुसरं कुणी चुकेपर्यंत तो शेळी. मीही बेंबें केलंय. मोठ्याने केलंय, कारण तुम्ही बघत असायचात. एक पोरगा जवळजवळ वर्षभर शेळी होता. त्याला ‘आहे’ यायचंच नाही, घाबरला की ‘शे’च यायचं, आणि तो कायम घाबरलेला असायचा. त्याला तुम्ही पुढे विसरलात. तो तुम्हाला विसरला नाही. त्याच्याकडे येतेच.

घरात स्वयंपाकघराचा उंबरा ही हद्द होती. आतमध्ये आई भाजलेली वांगी ठेचता ठेचता मला आखाजीची, तुमच्या अक्षय्य तृतीयेची, गाणी म्हणून दाखवायची, शेजारणींच्या नकला करायची, साक्रीकडच्या तिच्या माहेरच्या गमती सांगायची. आमची आई इतकी वात्रट बाई आहे हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं, नाना. तुमच्या चपलांचा आवाज आला की ती तोंड मिटायची. मी एकदा पाहुण्यांसमोर "माय, भूक लागनी" म्हणाले होते, आठवतं? तुम्ही मला अंगणात नेऊन, "आई, मला भूक लागली आहे" हे वाक्य तोंडपाठ होईपर्यंत म्हणवून घेतलंत. तेव्हापासून ती माझी आई झाली. त्याआधी ती माय होती.

पण तेही मी एकवेळ सोडून देईन. एक गोष्ट सोडणार नाही. तुमचे नवे मुख्याध्यापक जळगावहून सपत्नीक जेवायला आले होते. आईने पुरण घातलं होतं, खापरावर मांडे केले होते. ती वाढत होती आणि मान हलवत होती, बोलत नव्हती, कारण तुम्ही सकाळीच बजावलं होतंत, "मराठीत बोलता येत असेल तर बोल, नाहीतर गप्प राहा." त्या बाईंनी दोन-तीनदा काही विचारलं, आई हसून आत गेली. तेव्हा त्या हळूच तुम्हाला म्हणाल्या, "वहिनींना बोलता येत नाही का हो?" मी पाण्याचा तांब्या घेऊन तुमच्या मागेच उभी होते. तुम्ही मांड्याचा तुकडा दुधात बुडवलात आणि म्हणालात, "नाही." त्या बाई म्हणाल्या, "अरेरे." तुम्ही पुढे जेवलात. आतमध्ये आईने ऐकलं होतं. पुढे जितकी वर्षं ते मुख्याध्यापक तिथे होते, तितकी वर्षं आमची आई त्यांच्यासमोर मुकी होती. त्यांच्या पत्नी बाजारात भेटल्या की हातवारे करून आईची चौकशी करायच्या आणि आई हातवारे करून उत्तर द्यायची. घरी येऊन पदरात तोंड घालून हसायची. मला तेव्हा वाटायचं, ती खरंच हसतेय.

तुमचीही बाजू मला माहीत आहे. डी.एड.ला असताना वसतिगृहात तुमच्या ‘शे’वरून पोरं तुम्हाला छळायची, ताटावर बसलात की भाताला ‘शे का रे भात’ म्हणायची, हे तुम्ही मला एकदाच सांगितलं होतंत. दहावी झाल्यावर तो जाडजूड शब्दकोश हातात ठेवताना. तुम्ही दिलेली ती एकमेव भेट. बरं, छळलं असेल. म्हणून तुम्ही आयुष्यभर पाचवीच्या पोरांवर त्याचा वचपा काढलात? शब्दकोशात मी त्याच दिवशी ‘शे’ शोधला होता. ‘शंभर’ एवढाच अर्थ होता, दोनशे-तीनशेतला. आई शेजारी बसून पानं उलटताना बघत होती. तिने विचारलं, "यामा मी शे का?" मी म्हणाले, "तू कशी असशील यात?" तिने मान हलवली आणि वाती वळायला घेतल्या.

आता त्या नोटबंदीच्या दिवसांकडे येते. तोवर तुम्ही निवृत्त होऊन जळगावात घर केलेलं. त्याच वर्षी फुकट डेटाचं सिम आलं होतं आणि गल्लीतला प्रत्येक माणूस मान खाली घालून चालायला लागला होता. जो दिसेल तो काही ना काही शूट करत होता. त्यात जुन्या नोटा बंद झाल्या, आणि शूट करायला लोकांना रांगा मिळाल्या. तुम्ही आणि आई बँकेत सकाळपासून उभे होतात. पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. घरी जे परतलात ते तुम्ही न बोलता आत जाऊन पडलात. मला काय झालं ते संध्याकाळी भाच्याने पाठवलेल्या व्हिडिओवरून कळलं. बँकेतल्या गर्दीत तुम्ही, मफलर सुटलेला, एक बोट वर, आणि आयुष्यात कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडताय, "हासस कसाले? मी मास्तर शे! मास्तर शे मी!" बास. एवढंच. पुढचं-मागचं कापलेलं.

लोकांनी त्याचा अर्थ काय घ्यायचा तो घेतला. मास्तर असल्याचा तोरा मिरवून हा म्हातारा रांग मोडायला बघतोय, लोक हसले म्हणून खवळलाय. त्यातही बाहेरच्यांना तुमचा तोरा दिसला; धरणगावकरांना मात्र फक्त ‘शे’ ऐकू आला. ज्या माणसाने पिढीच्या पिढी ‘शे’वरून खिडकीत उभी केली, तो भर बँकेत ‘शे’ म्हणाला! देव आहे हो, असं तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने खाली लिहिलं होतं. आठवड्याभरात तुमचं मीम निघालं. बोट वर, तोंड उघडं, खाली अक्षरं: मी मास्तर शे. मी शिकवते त्या शाळेच्या ग्रुपवर ते आलं तेव्हा सगळ्या शिक्षिकांनी हसण्याची चित्रं टाकली. हा माझा बाप, असं मी कुणाला सांगितलं नाही. आडनाव लग्नात बदललेलं होतं, ते त्या दिवशी कामाला आलं.

मग लग्नसराईपर्यंत गाणं आलं. डीजेवाल्याने तुमचं वाक्य तुकडे तुकडे करून ठेक्यावर बसवलं होतं. मास्तर, मास्तर, मास्तर-मास्तर-मास्तर शे. सुरुवातीला एका शेळीचं बेंऽऽ होतं. चाळीसगावपासून नंदुरबारपर्यंत हळदीत तेच वाजायचं. नाचणाऱ्यांना वाटायचं, शेळी गंमत म्हणून टाकलीये. ती कुठून आली हे फक्त तुमच्या पाचवीच्या वर्गाला माहीत होतं. आणि मला.

धुळ्याच्या लग्नाला तुम्ही यायला नको होतं. सख्ख्या साडूच्या मुलीचं लग्न, म्हणून आलात. ऊन मी म्हणत होतं. मांडवाबाहेर गाडीवर डीजे लावलेला. तुम्ही रिक्षातून उतरलात, धोतराचा सोगा सावरलात आणि नेमका तेव्हा शेळीचा आवाज आला. पोरं ओरडली, "आले, आले, मास्तर आले!" तुमच्याभोवती कडं झालं. वीस-पंचवीस फोन वर. मी आत शिरायचा प्रयत्न करत होते आणि आई माझा हात धरून उभी होती, जाऊ देत नव्हती. डीजेच्या गाडीवरून एक माणूस उतरला, चाळिशीचा, गळ्यात सोन्याची साखळी. तुमच्या पाया पडला. म्हणाला, "सर, वळखं का? मी तुमनी शेळी शे."

त्या वेळी तुम्ही काहीही करू शकला असतात. त्याच्या खांद्यावर हात ठेवू शकला असतात, हसू शकला असतात, निघून जाऊ शकला असतात. नुसतं ‘ओळखलं’ म्हणाला असतात तरी तो तिथेच रडला असता, असं मला आजही वाटतं. तो चेष्टा करायला आला होता, पण पाया पडण्याआधी त्याने बूट काढले होते. तुम्ही काय केलंत? तुम्ही मागे हात बांधलेत, मान ताठ केलीत, आणि त्या सगळ्या गोंगाटात, वर्गात बोलायचात तसं स्पष्ट म्हणालात, "‘शे’ नाही. ‘आहे’ म्हणा."

त्याचा चेहरा क्षणभर पाचवीतला झाला. मग तो हसला. उठून गाडीवर चढला. आणि पुढच्या हंगामात गाण्याची दुसरी आवृत्ती आली. "मी मास्तर शे!" "आहे म्हणा!" मग सगळं वऱ्हाड एकदम: "शे!" पुन्हा तुम्ही: "आहे म्हणा!" पुन्हा वऱ्हाड: "शे! शे! शे!" ही पहिलीपेक्षा जास्त चालली. चालणारच होती. आमच्या खानदेशातल्या माणसाला मास्तरला तोंडावर नाही म्हणायची संधी कुठे मिळते?

त्यानंतर तुम्ही घराबाहेर पडणं सोडलंत. वाचनालय सोडलंत. फळवाल्याकडेही आईला पाठवायला लागलात, ज्या बाईला तुम्ही मुकी ठरवलं होतंत तिला. गोळ्या वेळेवर घेईनात, गोड चोरून खायचात. काका आजही सांगतात की मास्तर लाजेने गेले. मी त्यांना सांगते, मास्तर साखरेने गेले. लाजेने माणसं मरत असती तर तुमच्या वर्गातलं निम्मं धरणगाव तेव्हाच गेलं असतं.

दारवर आलेल्यांची मात्र रीघ लागली होती. आपल्याकडे मयताच्या घरी भेटायला जायचं ते ‘दारवर’ जायचं. शब्द खालचा म्हणून तुम्ही ‘सांत्वनास’ म्हणायला लावायचात. आई कोपऱ्यात डोक्यावर पदर घेऊन बसलेली. पुरुष बाहेर ओट्यावर खाली माना घालून. आणि आईचा चुलतभाऊ तिच्यासमोर बसून दोन शब्द बोलणार, एवढ्यात त्याच्या खिशातून शेळी ओरडली. मागोमाग तुम्ही. "हासस कसाले? मी मास्तर शे! मास्तर शे मी!" बिचाऱ्याला खिसा सापडेना. सापडला तर फोन निघेना. सगळं घर तुमच्या आवाजाने भरलं होतं आणि भिंतीवर तुमच्या फोटोला ताजा हार. मला वाटलं, आता आई टाहो फोडेल. आईने पदर थोडा मागे सारला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे भाऊ. बंद नको करू. मना फोनमा बी टाकी दे ते."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्याने खरंच टाकून दिलं. तेव्हापासून आईचा फोन वाजतो तो तुमच्या आवाजात. दूधवाल्याचा फोन आला तरी तुम्ही, बँकेच्या जाहिरातीचा आला तरी तुम्ही. मी मनात म्हटलं, घेतला हिने सूड. इतक्या वर्षांचा एका झटक्यात घेतला, आणि रोज घेते. खोटं कशाला बोलू, मला आईचा अभिमान वाटला होता.

तुमच्यानंतर काय काय झालं ते थोडक्यात सांगते. नाचायच्या त्या ॲपवर देशभरातली पोरं तुमच्या आवाजावर ओठ हलवायची, ज्यांना मराठीचा म कळत नाही अशीसुद्धा. एके दिवशी सरकारने ते ॲप बंद केलं. मला वाटलं, सुटलात. पण पोरं दुसरीकडे गेली आणि तुम्हालाही सोबत घेऊन गेली. त्याच वर्षी तो रोग आला, सगळं बंद झालं. माणसं गेली तर चार जणही खांद्याला मिळेनात. तेव्हा आई म्हणायची, हे आधी गेले ते बरं झालं, दारवर माणसं तरी आली. आणि आता तर उलटंच वारं आहे. खानदेशी बोलीतले विनोदी व्हिडिओ लाखांनी बघतात लोक. स्टेजवर चढलेला पुढारी आधी "कसं काय शे भाऊ?" म्हणून टाळी घेतो आणि मग भाषण करतो. तुमचा ‘शे’ आता मिरवायची गोष्ट झाली, नाना. आणि तुमच्या ‘आहे’चं काय झालं विचारा. मी ज्या इंग्रजी शाळेत मराठी शिकवते तिथे व्हरांड्यात पाटी आहे, की इथे फक्त इंग्रजी बोलावं. माझा तास शेवटचा असतो. पोरं मला येऊन म्हणतात, "टीचर, माझा होमवर्क घरी है." ना शे, ना आहे. मी त्यांना खिडकीत उभं करत नाही. कोणता प्राणी म्हणायचं तेच सुचत नाही.

यंदाच्या आखाजीला मात्र एक झालं, आणि त्यासाठीच हे सगळं लिहिणं. गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरायची असते, ती आईने बसल्या जागेवरून माझ्याकडून भरून घेतली. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, सांजोरी ठेवली, कुंकवाची बोटं ओढली. ती तुमच्या नावाने हात जोडणार तोच तिचा फोन वाजला. आम्ही दोघी तुमच्या घागरीपुढे बसून तुम्हाला ऐकत होतो. हासस कसाले. मी मास्तर शे. उचलणार कोण, आईचे हात जोडलेले आणि माझे कुंकवाने भरलेले. तो पूर्ण वाजला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या कानाला ते क्रियापद खटकलं.

आदल्याच आठवड्यात वर्गात एकवचन-अनेकवचन घेतलं होतं, म्हणून असेल. ‘हासस’. तू हसतेस, तू हसतोस. गर्दीला बोलायचं तर ‘हासतस’ हवं. आई भाजीवाल्या बायकांना म्हणते तसं, "काय हासतस वं?" तुम्ही रागात ‘शे’ म्हणाल, नाना, पण वचन चुकवाल? तुम्ही? मी हात न धुताच माझा फोन घेतला आणि तो जुना व्हिडिओ काढला. कुंकवाची बोटं तुमच्या तोंडावर उमटली. पुरुषांची खिडकी तुमच्या उजव्या हाताला दिसते. तुम्ही तिकडे बघतच नाही आहात. समोरच्या गर्दीकडेही नाही. तुमचं बोट, तुमचे डोळे, सगळं डावीकडे आहे. डावीकडे बायकांची रांग आणि त्यांची खिडकी होती.

मी आईला विचारलं, "त्या दिवशी हसत कोण होतं?"

आईने घागरीवरचं डांगर सरळ केलं. म्हणाली, "मी."

मग तिने सांगितलं. खिडकीतल्या पोराने तिच्याकडे ओळखपत्राची झेरॉक्स मागितली. ती म्हणाली, "दादा, मनी झेराक्स त्यासनाजोडे शे." म्हणजे तुमच्याजवळ. तो पोरगा वैतागलेला, सकाळपासून माणसं झेलत होता. म्हणाला, "आजी, जरा मराठीत बोला ना." आई म्हणाली, "माले हासू उनं. हाई तं तुना बापनं वाक्य. मी त्यासकडे देखं, त्यासनी माकडे देखं. हासू काही माले आवरायनं नही." त्या परक्या पोराच्या तोंडून तुम्ही तुमचं वाक्य ऐकलंत, आणि चाळीस वर्षं जिने ते खाली मान घालून ऐकलं तिला भर बँकेत हसताना बघितलंत. म्हणून ओरडलात. ना त्या पोरावर, ना लोकांवर. तिच्यासाठी तर नाहीच नाही. तिच्यावर. मी मास्तर शे. हसतेस काय, मी मास्तर आहे.

मला इतका राग आला की मी तिथल्या तिथे आईचा फोन उचलला आणि म्हणाले, काढून टाकते हे, रोज रोज कशाला ऐकायचं? तिने माझ्या मनगटाला धरलं. गुडघ्यांत जोर नाही, पण हातात अजून आहे.

"चाळीस वरीसमा पहिलींदाव मनासंगे मनी बोलीमा बोलनात," ती म्हणाली. "वरडीसन बोलनात, पन बोलनात. ते मनं शे. सारा गावनं नही."

मी फोन तिच्या मांडीवर ठेवला. जे विचारायचं होतं त्याला माझ्याकडे तुमच्या भाषेतले शब्द होते आणि ते तिथे चालणार नव्हते. सूड म्हणावा तर तसं नाही, माया म्हणावी तर इतकी स्वस्त माया मी कुणाला घेऊ देणार नाही. बायकोच्या अंगावर खेकसलेलं एक वाक्य, आणि तिने ते जपून ठेवलंय, कारण दुसरं काही तुम्ही तिला दिलंच नाहीत. माझ्या हातात शब्दकोश तरी ठेवलात.

हे पत्र मी कुठे पाठवणार? पुढच्या आखाजीला घागरीखाली ठेवलं तर शाई फुटेल, आणि आईला वाचून दाखवायचं तर ती मध्येच झोपेल. राहू दे इथेच, त्या शब्दकोशात, ‘श’च्या पानांत. फक्त एक सांगायचं राहिलं. काल दुपारी आई खिडकीशी बसली होती आणि मी आतल्या खोलीतून तिच्या नंबरावर फोन लावला. अधूनमधून लावते. दार लोटून घेते, म्हणजे बाहेर तुम्ही ओरडताना ऐकू येता आणि मी इथे असल्याचं तिला कळत नाही. एरवी मी काही न बोलता ठेवून देते. काल तिने उचलल्यावर विचारलं, "कोन शे?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माय, मी शे."

ती म्हणाली, "मराठीत बोल." आणि फोन ठेवला.